मरगळलेली वस्ती पुन्हा नांदती कशी करावी?

पायवाट (धागाकर्ता)

शहरांच्या जुन्या भागांत एक अवस्था वारंवार दिसते. घरे उभी असतात, त्यांत माणसे राहत असतात, रस्ते आणि पदपथही असतात. पण घराबाहेर थांबावे असे कुणालाच वाटत नाही. रिकाम्या भूखंडांवर कचरा साचतो, उद्यानाचे फाटक बहुतेक वेळ बंद असते, चौक वाहने वळवण्यापुरता उरतो आणि ज्यांना शक्य असते ते दुसरीकडे राहायला जातात. अशा वस्तीत पुन्हा जीव आणायचा म्हटले की पहिली चर्चा बांधकामाची होते: कमान, कारंजे, फरसबंदी, नवे सभागृह. मला त्याच्या आधीच्या टप्प्याविषयी लिहायचे आहे, कारण बहुतेक योजना तिथेच फसतात असे माझे मत आहे. एखादी जागा कोण वापरते, कशासाठी वापरते, कोणी वापरायचे सोडून दिले आणि का, हे पाहिल्याशिवाय काढलेला आराखडा कितीही देखणा असला तरी तो अंदाजच असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९६१ च्या नियमावलीने तिथल्या विकासकांना सवलत दिली की, इमारतीपुढे लोकांसाठी मोकळे प्रांगण सोडल्यास त्याच्या बदल्यात वाढीव बांधकाम करता येईल. प्रांगणे झाली, पण त्यांतली कित्येक ओस पडली. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सहकाऱ्यांसह या प्रांगणांचे चित्रण केले, माणसे मोजली आणि ती नेमकी कुठे व किती वेळ थांबतात याची नोंद ठेवली. प्रांगणाचा आकार, क्षेत्रफळ किंवा भरपूर ऊन यांवर गर्दी ठरते, हा समज त्या नोंदींपुढे टिकला नाही. जिथे बसायला सोय होती तिथे लोक बसत होते, इतका साधा तो निष्कर्ष होता. माणसांना सर्वाधिक ओढ इतर माणसांची असते, हलवता येणारी खुर्ची मिळाली तर बसण्यापूर्वी ती थोडी तरी सरकवली जाते, आणि ज्या प्रांगणात स्त्रियांचे प्रमाण चांगले असते ते प्रांगण सहसा उत्तम चाललेले असते, हीही त्यांचीच निरीक्षणे. १९७५ मध्ये शहराने नियम बदलून अशा प्रांगणांत बसण्याच्या जागेचे किमान प्रमाण ठरवून दिले. चौदा वर्षे शहर ज्या सवलतीची किंमत मोजत होते, तिचा उपयोग लोकांना का होत नाही हे कळायला कुणीतरी तिथे उभे राहून मोजणे आवश्यक होते.

हे काम कोणत्याही वस्तीतल्या रहिवाशांना स्वतः करता येते. एकच जागा सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि अंधार पडल्यावर पाहावी; कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी पाहावी. किती जण नुसते पार होतात, किती थांबतात, किती बसतात, त्यांत वृद्ध किती, मुले किती, स्त्रिया किती, एकटे किती आणि घोळक्यात किती, हे हाताने काढलेल्या नकाशावर मांडावे. जिथे बाक नाही तरी लोक कठड्यावर टेकतात, जिथे फरसबंदी सोडून मातीतून वाट पडली आहे, तिथे लोकांनी आपली मागणी आधीच नोंदवून ठेवलेली असते. ज्या व्यक्ती जागेवर येतच नाहीत त्यांची गणना मात्र जागेवर उभे राहून होणार नाही. त्यासाठी घरोघरी जावे लागते, आणि हा भाग सर्वांत जास्त टाळला जातो.

दुसरा मुद्दा आकाराचा. एका भव्य प्रकल्पापेक्षा विखुरलेल्या अनेक लहान जागांवर माझा अधिक विश्वास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आइक या तरुण वास्तुरचनाकाराने पालिकेच्या नोकरीत असताना १९४७ मध्ये पहिले क्रीडांगण केले. वाळूचा हौद, उड्या मारायला दगड, लटकायला आडवे दांडे, काही बाक आणि झाडे, एवढाच ऐवज होता. ते पाहून इतर भागांतले नागरिक आमच्याकडेही असे करा म्हणून पालिकेला पत्रे लिहू लागले. पाडलेल्या घरांच्या रिकाम्या जागा, दोन रस्त्यांमधले तुकडे, दुर्लक्षित कोपरे हेरून पुढच्या तीसेक वर्षांत सातशेहून अधिक क्रीडांगणे उभी राहिली. कुठे करायचे हे ठरवण्यात लोकांच्या मागणीचा वाटा होता आणि प्रत्येक जागेची मांडणी वेगळी होती, म्हणून या कामाकडे मी अजूनही आदराने पाहतो.

आपापल्या वस्तीपुरता विचार न करता, कोणत्याही वस्तीला लागू पडतील असे मुद्दे आणि आक्षेप जरूर मांडावेत.

उंबरा

निरीक्षणाचा मुद्दा पूर्ण मान्य आहे, पण त्यात वाहतुकीचा उल्लेख यायला हवा होता. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकमेकांसारख्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर एका रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त रहदारीच्या रस्त्यावर हे प्रमाण एकाहूनही कमी भरले. आपली म्हणावी अशी जागा कुठवर आहे हे नकाशावर दाखवायला सांगितल्यावर शांत रस्त्यावरच्या लोकांनी सगळा रस्ता दाखवला, तर वर्दळीच्या रस्त्यावरच्या लोकांनी स्वतःच्या इमारतीपलीकडे फारसे काही दाखवले नाही.

ज्या गल्लीतून दिवसभर बाहेरची वाहने जवळची वाट म्हणून जात असतात, तिथे बाक ठेवून विशेष साधत नाही. आधी वेग आणि संख्या कमी करावी लागते. डेल्फ्टमध्ये रहिवाशांच्या पुढाकारातून रुजलेल्या आणि १९७६ मध्ये नेदरलँड्सच्या कायद्यात स्थान मिळालेल्या निवासी गल्ल्यांची कल्पना हीच होती: गाडीला येऊ द्यावे, पण तिने माणसाच्या चालीने यावे. झाडाची कुंडी, वळण, रस्त्याची अरुंद केलेली मान हे सारे त्यासाठी असते. सुशोभन हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ आहे.

ताळेबंद

मी आक्षेप नोंदवतो. अलीकडे रस्त्यावर रंग मारायचा, लाकडी फळ्यांचे बाक ठेवायचे, एक दिवस मुलांना बागडू द्यायचे, छायाचित्रे काढायची आणि वस्तीचे पुनरुज्जीवन झाले असे जाहीर करायचे, अशी एक पद्धत रूढ झाली आहे. त्या वस्तीची सांडपाण्याची वाहिनी तुंबलेली असेल, पदपथ उखडलेला असेल आणि दिवे बंद असतील, तर रंगाने काय होणार? तात्पुरत्या कामाचे कौतुक वाढले की पक्क्या कामाची जबाबदारी मागे पडते, ही माझी खरी भीती आहे. अग्निशमनाची गाडी वळेल का, पावसाचे पाणी कुठे जाईल, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती तिथे कशी पोचेल, हे प्रश्न उत्साहाच्या भरात कुणी विचारत नाही. ते विचारणाऱ्याला विरोधक समजले जाते, याचे दुःख होते.

पायवाट

ताळेबंद, आपली भीती रास्त आहे आणि गटार, दिवे, पदपथ यांना रंगकाम हा पर्याय होऊ शकत नाही हे मी निःसंदिग्धपणे मान्य करतो. तरीही तात्पुरत्या प्रयोगाचे एक काम असे आहे जे कागदावरच्या आराखड्याला जमत नाही: ज्यांचा विरोध आहे त्यांना बदल प्रत्यक्ष अनुभवता येतो. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात महापौर जैमे लेर्नर यांनी १९७२ मध्ये मुख्य बाजारपेठेचा रस्ता पादचाऱ्यांसाठी करायचे ठरवले, तेव्हा धंदा बसेल म्हणून दुकानदारांचा विरोध होता. शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून शनिवार-रविवारच्या सुट्टीत पहिला टप्पा पूर्ण करण्यात आला. नंतर काही वाहनचालकांनी त्या रस्त्यावर गाड्या घालण्याचा बेत केला, तेव्हा पालिकेने रस्त्यावर कागद अंथरून मुलांना चित्रे काढायला बसवले होते. पुढे दुकानदारांनीच पादचारी क्षेत्र वाढवण्याची मागणी केली. या प्रसंगातली घाई मला आदर्श वाटत नाही; विरोधकांना बोलू देण्याआधीच काम उरकणे हा लोकसहभाग नव्हे. तरीही जो बदल चर्चेत अशक्य वाटत होता तो पाहिल्यावर लोकांचे मत पालटले, हे महत्त्वाचे आहे.

अमेरिकेतल्या पोर्टलंडमधले उदाहरण माझ्या मनाला अधिक पटते. १९९६ मध्ये तिथल्या एका वस्तीतल्या रहिवाशांनी आपल्या चौकाच्या मधोमध मोठे चित्र रंगवले आणि चार कोपऱ्यांवर बसण्याची जागा, पुस्तकांची देवघेव, सूचनाफलक अशा लहान सोयी केल्या. शहर प्रशासनाने आधी हरकत घेतली. पुढे बोलणी झाली, आणि इतर वस्त्यांनाही शेजाऱ्यांच्या संमतीने असे काम रीतसर करता यावे यासाठी नियम तयार झाले. एका चौकातल्या प्रयोगाने संपूर्ण शहराला परवानगीची वाट मोकळी करून दिली.

आपल्या आक्षेपावर माझे उत्तर असे की, प्रत्येक तात्पुरत्या प्रयोगाला आरंभीच शेवटची तारीख, मोजायच्या गोष्टी आणि प्रयोग यशस्वी ठरल्यास पक्के काम कोण, कोणत्या निधीतून करणार याची लेखी नोंद असावी. ही तिसरी नोंद मिळत नसेल तर प्रयोग सुरूच करू नये, इथपर्यंत मी जायला तयार आहे.

उंबरा

एक पुरवणी. रस्ता कायमचा बंद करणे शक्य नसेल तर वेळ वाटून घेता येतो. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये नागरिकांनी १९७४ मध्ये सुरू केलेला उपक्रम आजही चालू आहे: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभरहून अधिक किलोमीटरचे रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मोकळे असतात. एखाद्या वस्तीला यातली एक गल्ली आणि तीन तास पुरेसे आहेत, मात्र ते दर आठवड्याला ठरल्या वेळी मिळाले पाहिजेत. वर्षातून एकदा होणाऱ्या सोहळ्याने सवय लागत नाही.

जोखड

आतापर्यंतच्या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारलेला नाही, आणि माझ्या मते तो पहिला असायला हवा होता. वस्ती सुधारली आणि भाडे वाढले, तर सुधारणेचा उपभोग घ्यायला आजचे रहिवासी तिथे उरतील का? न्यूयॉर्कमधल्या बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या हाय लाइन या उद्यानाचे कौतुक जगभर झाले. मार्ग पाडला जाऊ नये म्हणून झटणारी संस्था दोन नागरिकांनी १९९९ मध्ये स्थापन केली होती, म्हणजे प्रयत्न लोकांमधूनच आला होता. उद्यान झाल्यावर परिसरातल्या जमिनींचे भाव कडाडले, आलिशान इमारती उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या सरकारी वसाहतींतल्या अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांना मात्र ती जागा आपली वाटेना. त्या दोन संस्थापकांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले की, उद्यानाची रचना कशी हवी हे आम्ही लोकांना विचारत राहिलो, पण तुमच्यासाठी आम्ही काय करू शकतो हा प्रश्न विचारायला हवा होता.

म्हणून मला भाडेकरूंची काळजी वाटते. जागा घडवण्याच्या बैठकांना घरमालक येतात, दुकानदार येतात, निवृत्त मंडळी येतात. दोन नोकऱ्या करणारा भाडेकरू येत नाही, आणि भाडेवाढ होते तेव्हा पहिला फटका त्यालाच बसतो.

कंदील

जोखड यांनी विचारलेल्या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर बोस्टनमध्ये मिळते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

रॉक्सबरी भागातल्या डडली स्ट्रीट परिसरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १,३०० भूखंड रिकामे पडले होते. भांडवल निघून गेले होते, घरांना आगी लावल्या जात होत्या, आणि बाहेरचे लोक तिथे राडारोडा व कचरा टाकून जात. १९८४ मध्ये काही संस्थांनी एकत्र येऊन पुनर्विकासाची योजना आखली. ती रहिवाशांपुढे मांडण्यासाठी सभा बोलावली, तेव्हा श्रोत्यांतून थेट प्रश्न आला की, व्यासपीठावर बसलेल्यांपैकी या वस्तीत राहणारे किती आहेत. नियोजित मंडळात रहिवाशांना थोड्याच जागा ठेवल्या होत्या. त्या सभेनंतर मंडळाची रचना बदलली, रहिवाशांच्या जागा वाढल्या, आणि वस्तीतल्या चार प्रमुख समाजांना त्यांच्या लोकसंख्येचा विचार न करता सारख्याच जागा देण्यात आल्या. संख्येने लहान असलेल्या समाजाला मोठ्या समाजाच्या कृपेवर अवलंबून राहावे लागू नये, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

या संघटनेने पहिली मोठी मोहीम घरांची किंवा उद्यानाची केली नाही. वस्तीत कचरा टाकणे थांबवा ही मागणी घेऊन ती उभी राहिली, कारण घरोघरी बोलल्यावर लोकांनी तेच सर्वांत आधी सांगितले होते. कचऱ्याची बेकायदा ठिकाणे बंद झाली, तेव्हा आपण बोललो तर काही होते हा विश्वास निर्माण झाला. त्यानंतर वस्तीचा आराखडा रहिवाशांनी तयार केला. १९८८ मध्ये शहर प्रशासनाने या संघटनेला एका ठरावीक त्रिकोणी क्षेत्रातल्या रिकाम्या खाजगी भूखंडांचे सक्तीने संपादन करण्याचा अधिकार दिला, जो एरवी सरकारकडेच असतो. मिळालेली जमीन सामुदायिक न्यासाकडे ठेवली गेली. घर विकत घेणाऱ्याला घराची मालकी मिळते, पण खालची जमीन न्यासाची राहते आणि ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा असल्यामुळे परिसराचे भाव वाढले तरी ती घरे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहतात. या मार्गाने शेकडो घरांबरोबर सार्वजनिक चौक, उद्यान आणि सामुदायिक हरितगृहही झाले.

लिव्हरपूलमधल्या ग्रॅन्बी भागातला क्रम याच्या उलट होता. पाडण्यासाठी रिकाम्या केलेल्या घरांच्या चार गल्ल्यांत उरलेल्या मोजक्या रहिवाशांनी आधी रस्ते झाडले, बंद घरांच्या दारे-खिडक्यांवर चित्रे काढली, गल्लीभर रोपे लावली आणि महिन्यातून एकदा बाजार भरवायला सुरुवात केली. सामुदायिक भूमी न्यास स्थापन झाला तो २०११ मध्ये. न्यासाने असेंबल या तरुण वास्तुरचनाकारांच्या गटाला सोबत घेऊन दहा घरांची दुरुस्ती हाती घेतली, आणि त्या कामाबद्दल असेंबलला २०१५ मध्ये टर्नर पारितोषिक हे ब्रिटनमधले कलाक्षेत्रातले मानाचे पारितोषिक मिळाले. आधी रोपे, नंतर न्यास. ताळेबंद यांना ज्या तात्पुरत्या कामांची शंका वाटते, त्यांतूनच तिथे जमिनीवरचा हक्क मागण्याइतके बळ आले.

जोखड

कंदील, मनापासून आभार. जमिनीचा भाग सगळीकडे शक्य होणार नाही, पण निदान एवढे करता यावे: सार्वजनिक जागेच्या योजनेत पैसे घालताना त्याच परिसरातल्या किती भाडेकरूंचे भाडे किती काळ स्थिर राहील, याची हमी आधी घ्यावी. उद्घाटनानंतर ती मिळत नाही.

सारीपाट

मुलींविषयी लिहिते. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत असे दिसले की, साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली सार्वजनिक उद्यानांतून हळूहळू नाहीशा होतात, तर मुलगे येत राहतात. कुंपण घातलेले एकच मोठे मैदान आणि त्याला एकच दार अशी रचना असल्यावर जो गट आधी आत शिरतो तो ते व्यापतो. शहराने दोन उद्यानांत बदल करून पाहिले: मैदानाचे भाग पाडले, वेगवेगळ्या खेळांसाठी जागा ठेवल्या, गप्पा मारत बसता येईल अशा सोयी केल्या, वाटा रुंद आणि उजेडाच्या केल्या. मुलींचा वावर वाढला. धागाकर्त्यांनी मोजणीची जी पद्धत सांगितली आहे तीत मुलांची नोंद एकाच रकान्यात न करता वयाप्रमाणे आणि मुलगे-मुली अशी वेगळी करावी, अन्यथा हा फरक कधीच नजरेस येणार नाही. स्वच्छतागृहाचा प्रश्नही इथेच जोडते. ते नसेल तर वृद्ध, लहान मुले आणि स्त्रिया अर्ध्या तासात घरी परततात आणि जागा कितीही चांगली असली तरी ती त्यांच्या उपयोगाची राहत नाही.

ताळेबंद

चर्चा वाचून माझे मत काही अंशी बदलले आहे, पण देखभालीविषयी आग्रह कायम आहे, आणि त्याला आधार देणारे उदाहरण फिलाडेल्फियाचे आहे. तिथल्या ५४१ रिकाम्या भूखंडांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भूखंडांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली होती. काही ठिकाणी कचरा काढून जमीन सपाट केली, गवत पेरले, थोडी झाडे लावली आणि आत सहज जाता येईल असे बुटके लाकडी कुंपण घातले. काही ठिकाणी फक्त सफाई केली. उरलेले भूखंड तसेच ठेवले. सुधारलेल्या भूखंडांभोवतीच्या अतिगरीब वस्त्यांत बंदुकीच्या हिंसाचारात २९ टक्के घट आढळली. आसपासच्या लोकांतील खिन्नतेची भावनाही लक्षणीय कमी झाली, मात्र नुसती सफाई केलेल्या भूखंडांजवळ मानसिक आरोग्यात तसा ठळक फरक दिसला नाही. यातली एकही गोष्ट महागडी नाही. बुटके कुंपण कचऱ्याची गाडी आत येऊ देत नाही आणि या जागेला कुणी वाली आहे हे दाखवते. मात्र गवत नियमित कापले जात होते, हे विसरून चालणार नाही.

याउलट कोलंबियातल्या मेडेलिन शहरामधल्या डोंगरावरच्या गरीब वस्तीत २००७ मध्ये उघडलेले एस्पान्या ग्रंथालय पाहा. वास्तुरचनेचे जगभर कौतुक झाले, शहराच्या परिवर्तनाचे ते प्रतीक ठरले, आणि काही वर्षांतच बांधकामातील दोषांमुळे ते बंद ठेवावे लागले. ज्या वस्तीला इतक्या वर्षांनी काही मिळाले, तिच्या डोळ्यांसमोर ते असे बंद पडावे, याहून क्लेशकारक काय असेल?

न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क देखभालीचा नमुना म्हणून सांगितले जाते. अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध असलेले हे उद्यान १९९२ मध्ये पुन्हा खुले झाले. आतले बाहेरून दिसावे म्हणून उंच झाडोरा काढला होता, प्रवेशमार्ग वाढवले होते आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या होत्या. रचनेचे हे धडे कुठेही घेता येतील. तिथली रोजची झाडलोट, रोपे आणि पहारा मात्र आसपासच्या मालमत्तांवरील आकारणी, भाडी आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नातून चालतो. श्रीमंत व्यापारी इमारतींच्या मधोमध ते शक्य आहे. गरीब वस्तीने तेच प्रारूप उचलायचे म्हटले तर पैसे येणार कुठून?

पायवाट

सारीपाट यांची सूचना मोजणीच्या नमुन्यात घ्यायलाच हवी. वयाचे रकाने वेगळे करून तो पुन्हा मांडतो.

ताळेबंद, आपल्या प्रश्नावर मला सुचलेला मार्ग असा. गरीब वस्तीतल्या जागेची देखभाल हा पालिकेच्या नियमित अंदाजपत्रकातला खर्च असला पाहिजे, देणगीवर किंवा रहिवाशांच्या श्रमदानावर तो सोडू नये. श्रमदानाने जागा उभी करता येते, पण तिची रोजची झाडलोट वर्षानुवर्षे त्याच चार माणसांवर पडते आणि ती थकली की जागा पूर्ववत होते. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग कशावर खर्चायचा हे वस्त्यांच्या सभांतून ठरवण्याची पद्धत सुरू केली. अशी पद्धत जिथे असेल तिथे नव्या कामाच्या प्रत्येक प्रस्तावात पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम बांधकामाच्या रकमेशेजारीच लिहावी, आणि दोन्हींवर एकत्र मत घ्यावे. कारंजे आणि दहा बाक यांतून निवड करताना हा दुसरा आकडा समोर असला तर सभा वेगळा निर्णय घेईल, असे मला वाटते. शक्य असेल तिथे देखभालीचे काम पगारी असावे आणि त्यावर वस्तीतल्याच माणसांना आधी घ्यावे, म्हणजे नळ गळू लागला तर कुणाला सांगायचे हे मुलांनाही ठाऊक असेल.